‘पुन्हा’चं लाल बटण

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. नाक मुरडू नका, खाऊचा नाही. विमान उतरवायला वैमानिकाला मदत करणारा, बघून बघून शिकणारा डबा. आता कपाटात धूळ खातोय आणि शपथेवर सांगतो, तेच बरं आहे.

माझी शाळा म्हणजे एक खोटं विमान. खोलीतल्या खोलीत आपल्या लोखंडी पायांवर डुलायचं. आत पडद्यावर धावपट्टी दिसायची. शिकवायला वैमानिक मामा. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. आडवा वारा आला की मामा कसं सावरतात, ते मी टिपायचो. बघता बघता त्यांच्याहून सफाईनं उतरवायला लागलो. मामा म्हणायचे, हा डबा माझी नोकरी खाणार. मी फुगून टुम्म!

पण खोटं विमान आपटलं की त्याचे पाय मोडायचे आणि साहेब सगळ्यांना फैलावर घ्यायचे. म्हणून जरा बिघडलं, की इंजिनियर ताई जमीन लागायच्या आत ‘पुन्हा’चं लाल बटण दाबायच्या. टक्! विमान परत आभाळात.

खऱ्या विमानात बसवायच्या आदल्या दिवशी तपासनीस बाई आल्या. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मला उडता येणार नव्हतं. त्यांनी सगळ्यात वाईट वारा लावला आणि म्हणाल्या, "ताई, बटणावरचा हात काढा."

"अहो, पाय मोडतील त्याचे."

"मोडू देत. उद्या मामांचे पाय असणार आहेत."

वारा आला. विमान कलंडलं. आणि मी? सगळं सोडून दिलं. टक् कधी होतं, याची मजेत वाट बघत बसलो. फार बिघडलं की आपण काही करायचं नसतं, हेच तर शिकलो होतो! टक् झालंच नाही. मामांनी दांडा ओढेपर्यंत जमीन आली.

मामा बाहेर आले ते पांढरेफटक. माझ्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "उद्या लेक घरी वाट बघत बसली असती रे."

भीती म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बाई नाही म्हणाल्या. मी कपाटात आलो.

मित्रांनो, शेजारच्या खोलीत आता नवा डबा शिकतोय. माझ्याहून हुशार आहे म्हणे. साहेब नवे, खोट्या विमानाचे पायही नवे कोरे. सकाळपासून भिंतीपलीकडून आवाज येतोय. टक्. टक्.

माझं तोंड कपाटात बंद आहे. तुमचं नाही ना? मग जा, सांगा त्यांना. खोलीत आहे तोवर आपटू द्या त्याला.