रामरावकाकांची फाइल अकोल्याले चालली

अबे ऋष्या, आयक ना, मधात बोलू नको. आमच्या वकीलसाहेबाचे पक्षकार नाई का रामरावकाका, सरकीचे व्यापारी? थ्यायनं कारंज्यातलं सगळं आवरलं अन् पोराजवळ अकोल्याले राहाले गेले. मंग इन्कम टॅक्सची फाइल बी वाशिमच्या साहेबाकडून अकोल्याच्या साहेबाकडं जानार. पत्र आलं, काई हरकत असंल तर येऊन सांगा.

आता वाशिमच्या थ्या हापिसात धम्मदीपा कारकून हाय. बाकीच्यायचे कागद आमी इथूनच कम्प्युटरवरून धाडतो. फकत रामरावकाकाले शिक्क्याची प्रत लागते, म्हून मी एस्टीनं वाशिमले जातो. थी नुसतं "या" म्हनते, अन् मले दिवसभर तेच आयकू येते. फाइल गेली का माह्यं जानं बी गेलं.

म्हून काकाले फोन लावला. म्हनलं, "काका, आपन हरकत घेऊ."

"कायले बे उत्कर्ष? अकोल्याचं हापीस माह्या घरापासून पायी हाय."

"पन वाशिमचे साहेब तुमाले ओळखतेत."

"मी का चोर हाय, ओळख लागाले?"

तरी मी कलमं-बिलमं सांगून त्यायले वाशिमले आनलंच. साहेबानं इचारलं, हरकत काय? मी सुरू झालो, पक्षकाराचं वय, जुनी कागदपत्रं, काईच्या काई. काका म्हने, "साहेब, हरकत या पोट्ट्याची हाय. मले अकोलाच बरं."

धम्मदीपा बाजूले लिहून राह्यली होती. तिचा पेन थांबला. वर नाई पाह्यलं तिनं.

मी म्हनलं, "हरकत नाई, साहेब."

बाहेर तिनं मले प्रत देली. म्हने, "आता अकोल्याच्या चकरा होतीन तुमच्या."

"नाई, तिथं काका सोताच जातीन."

"मंग तुमी?"

"मी कारंज्यातच."

तिनं मान हालवली. मंग म्हने, "ऊन लय हाय, पानी पिऊन निंगा."

नंबर काहून नाई मांगतला म्हनतं? मांगनारच होतो बे, मांगं दोन मानसं उभे होते. वापस येतानी एस्टीत, शेलूबाजार येवोस्तोर मी थे "मंग तुमी" आयकत बसलो. लोकं काळजीनं असं इचारतेत का रे, का नुसतंच?

सोमवारी जाऊन राह्यलो वाशिमले. हातात एक कागद नाई. थी इचारीन, काय काम हाय. तवा काय सांगू, तेवढं सांग.