तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

आमच्याकडे पहिल्या विचारण्यात कुणी कॉफीसुद्धा घेत नसे. "घेणार का?" "छे छे, आत्ताच झाली." "अहो, घोटभर?" "उगीच कशाला त्रास?" "घ्या हो, ओतलीसुद्धा!" तेव्हा कुठे पाहुणा कप पुढे करी. अमेरिकेत डाकोटाच्या त्या माळावर सगळी घरं नॉर्वेहून आलेल्यांची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हे आमच्या रक्तातच होतं. आता माझ्या नाती पहिल्याच हाकेला 'हो' म्हणतात. बरंच आहे म्हणा. पण मला मेलीला ते कप मागे-पुढे करणारे हात आठवतात आणि करमत नाही.

एकोणीसशे छत्तीसच्या दुष्काळात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीतून पर्डी नावाचा माणूस आला. दक्षिणेकडचा, गोड बोलणारा. सरकार गुरांच्या चाऱ्यासाठी तातडीची मदत देत होतं, पण शुक्रवारच्या आत नाव जायला हवं होतं. आमच्या अकरा गाई उरल्या होत्या आणि त्या वाळके काटे चघळत होत्या. मदत मिळाली नाही तर गुरं विकून, शेत सोडून पश्चिमेला जायचं, असं आईबाबांचं ठरलं होतं.

"मदत हवी का?" पर्डीने विचारलं.

"आम्हाला कशाला?" बाबा म्हणाले. "आमच्यापेक्षा अडलेले पुष्कळ आहेत."

"वा! याला म्हणतात माणूस!" पर्डीने कागदावर काट मारली आणि गाडीत बसून गेलासुद्धा. बाबा दारात उभेच. दुसरं 'नको' त्यांच्या ओठांवरच राहिलं.

"मेल्याने पुन्हा विचारलंच नाही!" आई कडाडली. गुरुवारी सकाळी तिने गाडीला घोडी जुंपली, मला शेजारी बसवलं आणि थेट कचेरी गाठली.

"अहो साहेब, आमच्यात पहिलं 'नको' ही नुसती रीत असते. तीनदा विचारायचं असतं!"

पर्डीचा चेहरा पडला. "बाई, मी चाळीस घरं फिरलो. सगळे नकोच म्हणाले. मला वाटलं, काय स्वाभिमानी लोक आहेत!" कागद उचलून तो तडक आमच्या मागे निघाला.

घरी त्याने पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, "नको." परत विचारलं. "उगीच कशाला!" मग पर्डी कळवळून म्हणाला, "घ्या हो, अँडर्स!"

"बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..." बाबांनी सही केली. आईने एप्रनला डोळे पुसले, आणि मला इतका आनंद झाला की मी टेबलाभोवती नाचले.

बाबांनी टोपी उचलली. "आता आधी हाल्वोरकडे चला. तो माझ्याहून हट्टी, त्याला चारदा विचारावं लागेल." हाल्वोर शेजारचा. सोळा वर्षं दोघांनी मिळून कापणी केली होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत सामान नव्हतं. चूल अजून कोमट होती.

"कुठे गेले?" पर्डीने विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. "माझीच चूक. मी एकदाच विचारून निघून गेलो."

बाबा पायरीवर बसले. "तुम्हाला रीत ठाऊक नव्हती, साहेब. काल मी त्याला म्हटलं, हिवाळाभर आमच्याकडे राहा. तो नको म्हणाला."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी पुन्हा विचारलं नाही," ते म्हणाले. "हो म्हणाला असता तर खायला काय घालू, याची भीती वाटली."