उत्तर बरोबर असलं तरी

चर्चच्या शाळेच्या बातमीपत्रात सिस्टरांनी पालकांना बजावलं होतं: गणिताचं उत्तर बरोबर असलं तरी मुलांना "कसं काढलंस?" असं प्रेमाने विचारा. शिंपी भडकलाच. मास्तरकीही आता आम्हीच करायची का! पण बायकोने डोळे वटारले, तसा तो मशीन थांबवून लेकीशेजारी बसला. पोरीने भागाकार अचूक सोडवला होता. त्याला भरून आलं. आवाज जमेल तेवढा मऊ करून त्याने विचारलं, "कसं काढलंस गं, बाळा?"

पोरीने घाईघाईने उत्तर खोडलं. मग मागच्या वेळी तुटल्यावर त्यानेच दोऱ्याने बांधून दिलेला चष्मा तिने काढला, लांब ठेवला आणि गाल पुढे करून डोळे मिटले.