सोमवारच्या चादरी

मित्रांनो, मी एक जुने धुलाईयंत्र आहे आणि मला एका जागी स्वस्थ उभे राहता येत नाही. माझा एक पाय उरलेल्या तिन्हींपेक्षा आखूड आहे. कपडे पिळायची वेळ आली की मी थरथरू लागते आणि फरशीवरून हळूहळू दाराकडे चालू लागते. बायका मला पुन्हा भिंतीशी ढकलतात. निम्मे आयुष्य असेच गेले. पण कधी कधी ही थरथर त्या पायाची नसते. ती कशाची असते, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म डोंगरापलीकडच्या एका कारखान्यात झाला. सुरुवातीची नोकरी गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या एका हॉटेलात होती. तिथे मी पाहुण्यांचे टॉवेल धुतले. ते टॉवेल कुणाचेच नव्हते. पुढे हॉटेलाचे मालक बदलले, नवी यंत्रे आली आणि मला मागच्या छपराखाली ताडपत्री घालून ठेवले. उंदरांनी माझी नळी कुरतडली. आपले संपले, असे मी धरून चालले होते.

त्याच सुमारास गोरिच्को नावाच्या टेकड्यांवरच्या एका लुथरन ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, मला मागायला आले. त्यांचे नाव एलेमेर. त्या टेकड्यांवरची कामाची माणसे पहाटे गाडीत बसून सीमेपलीकडे ऑस्ट्रियात जातात आणि गावात म्हातारी माणसे उरतात. पाळक एलेमेर आजाऱ्यांना प्रभुभोजनाची पवित्र भाकर आणि द्राक्षारस द्यायला घरोघर जात. एका घरी लुइझा नावाच्या आजीने त्यांना बघून भिंतीकडे तोंड फिरवले. तिच्याखालची चादर ओली होती. त्यांनी तिला कुशीवर वळवले, चादर काढली, गुंडाळून काखेत मारली आणि स्वतःच्या घरी नेऊन धुतली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगणातल्या दोरीवर चार घरांच्या चादरी होत्या. मग मी आले, ट्रॅक्टरच्या मागे दोरांनी बांधलेले. गाव हसले. पाळकांनी वेदीसाठी नवा क्रूस आणायचा, तर हे काय धूड आणले, असे लोक म्हणाले.

मला पाळकांच्या घराच्या तळमजल्यावर, मंडळीच्या सभागृहाला लागून असलेल्या खोलीत बसवले. दर गुरुवारी बायका जमू लागल्या. त्यांची म्होरकी गिझेला. ती खाटकाची विधवा होती आणि जिभेला धार नवऱ्याच्या सुऱ्यांची होती. पण हात मऊ. इथल्या जेवणातल्या भोपळ्याच्या बियांच्या तेलाचे काळपट हिरवे डाग माझ्याने निघत नसत. ते कपडे ती बाहेर उन्हात पसरायची आणि डाग आपोआप उडून जायचे. कोण जास्त खोकते, कुणाची जखम चिघळली आहे, हे तिला चादरीवरून कळे. एकदा बिशप आले होते, त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली आणि गिझेलाशी हात मिळवला. ती त्या दिवशी लाजली, तेवढीच.

मग एलेमेर थकले. त्यांनी पाळकपद सोडले आणि ते खाली सपाटीवरच्या शहरात बहिणीकडे, एतेल्काकडे राहायला गेले. तो हिवाळा मला आठवला तरी आत काहीतरी खडखडते. मंडळीला पाळक नव्हता. पंचांच्या बैठका भिंतीपलीकडे व्हायच्या आणि आवाज चढायचे. पंचांचे प्रमुख कोलोमान यांना माझ्या खोलीत सरपण भरायचे होते. बायका कमी येऊ लागल्या. गुरुवार आला की मी वाट पाही, आणि कितीतरी गुरुवारी फक्त गिझेला येई, एक टोपली धुऊन, कुलूप लावून जाई.

वसंतात नव्या पाळक आल्या. मेलिता. तरुण, भरभर चालणाऱ्या, मुरा नदीच्या पलीकडच्या. बोलण्याचा हेल वेगळा. त्यांची नेमणूक एका वर्षापुरती होती. वर्ष सरले की मंडळी मत देऊन ठरवणार होती, ठेवायचे की निरोप द्यायचा.

मेलितांनी आल्याआल्या पुरुषांनाही गुरुवारी टोपल्या उचलायला बोलावले. गिझेलाला ते रुचले नाही. एकदा मेलितांनी लाल एप्रन पांढऱ्या उशांच्या अभ्र्यांत टाकला आणि सगळे गुलाबी निघाले. मग तर प्रत्येक गोष्टीला गिझेलाचे एकच उत्तर असे, "एलेमेर पाळकसाहेब असं करत नव्हते." मेलिता ऐकून घेत. कधी कधी त्या माझ्यामागे वाकून नळी तपासत बसत, गरज होती त्याहून कितीतरी जास्त वेळ.

सोमवार हा पाळकांच्या सुटीचा दिवस. शरद संपता संपता अशाच एका सोमवारी अंगणात गाडी थांबली आणि एतेल्का दोन मोठ्या पिशव्या घेऊन आत आली. तिला मी आधी पाहिलेले नव्हते. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "एलेमेरला झटका आला. उजवी बाजू गेली. माझी पाठ धरते, मला एकटीला होत नाही."

"आणा इकडे," मेलिता म्हणाल्या.

"पण बायकांना कळता कामा नये. त्यानं शपथ घातलीय. म्हणतो, ज्यांच्यापुढे इतकी वर्षं उभा राहिलो, त्यांनी आता माझं हे धुवायचं का."

मेलितांनी पिशव्या घेतल्या आणि शब्द दिला.

मित्रांनो, तेव्हापासून दर सोमवारी त्या चादरी माझ्या पोटात येऊ लागल्या. ज्या माणसाने मला उंदरांतून उचलून आणले, त्याच्या. मी त्या जेवढ्या जपून धुता येतील तेवढ्या धुतल्या. मेलिता पडदे ओढून घेत आणि कपडे बाहेर न घालता पोटमाळ्यावर वाळवत.

पण गिझेलाचे घर रस्त्यापलीकडे समोरच होते. सुटीच्या दिवशी माझ्या नळीतून वाफ निघताना तिला दिसे. मी फरशीवर चालते तो आवाजही तिकडे ऐकू जाई. दोरीवर मात्र काहीच नाही. तिने आधी बेकरीत बोलून दाखवले, मग बाकीच्यांनी त्यात भर घातली. पाळकबाई घरचे कपडे मंडळीच्या साबणावर धुतात. नाही, घरचे नाहीत, त्यांच्या चुलतभावाचे पाहुणघर आहे, तिथल्या चादरी धुऊन पैसे करतात. हिवाळा सरेपर्यंत ही गोष्ट इतकी पक्की झाली की कुणी ती विचारून पाहिलीच नाही.

वर्ष भरत आले. रविवारच्या उपासनेनंतर सभागृहात मंडळी बसली. सभागृहातली ऊब माझ्या खोलीतही यावी म्हणून मधले दार उघडे होते आणि मला सगळे दिसत होते. मत घेण्याआधी गिझेला उभी राहिली.

"सोमवारी कुणाच्या चादरी धुता, पाळकबाई?"

मेलिता म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही."

"का बरं? गुरुवारी आम्ही ज्यांचं धुतो, त्यांची नावं अख्ख्या गावाला ठाऊक आहेत."

"अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या आहेत. याहून जास्त नका विचारू."

कुजबुज वाढली. कोलोमान म्हणाले की आज मत नको, पंधरा दिवस विचार करा. लोक टोप्या उचलून निघाले. मेलिता खुर्च्या लावत राहिल्या. एक खुर्ची त्यांच्या हातून दोनदा पडली.

आणि मी? मला सारे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. माझ्याजवळ फक्त एक गोल दार आहे आणि ते बाहेरून उघडते. त्या गुरुवारी मी इतके थरथरले की नळी सुटली आणि पाणी सभागृहात शिरले. बायका म्हणाल्या, याचेही आता दिवस भरले.

सोमवारी मेलितांनी मला सुरू केले आणि तेवढ्यात त्यांना एका मरणासन्न माणसाकडे बोलावणे आले. त्या तशाच धावल्या. मी पिळणे संपवून थांबले, तेव्हा कुलपात किल्ली फिरली. गिझेला आत आली. तिने पडदा सारला, बाह्या वर केल्या आणि पंचांना पुरावा दाखवायचा अशा आवेशाने माझे दार उघडले. एक चादर ओढली. दुसरी ओढली. मग रात्री घालायचा एक पुरुषी सदरा बाहेर आला. त्याच्या कोपराला निळ्या चौकटीचे ठिगळ होते.

ते ठिगळ तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या शर्टाचे होते. पाळक एलेमेरांची बायको वारल्यावर त्यांचे कपडे गिझेलाच शिवून देत असे.

ती ओल्या फरशीवर बसली. किती वेळ बसली ते मला सांगता येत नाही. मेलिता परतल्या तेव्हा ती तिथेच होती, सदरा मांडीवर.

"कधीपासून?" तिने विचारले.

"शरदापासून. उजवी बाजू गेलीय. बोललेलं समजतं त्यांना."

"मला का नाही सांगितलं?"

"शब्द दिला होता. गिझेलाला तर मुळीच नको, असं म्हणाले होते."

गिझेलाचा चेहरा असा झाला की मेलिता तिच्याजवळ खाली बसल्या. "तुमच्यासमोर त्यांना उभंच राहायचंय, गिझेलामावशी. आडवं नाही."

मग गिझेलाने सदरा हुंगला. "पोटमाळ्यावर वाळवतेस ना? कुबट वास येतो. त्यांच्या नाकाला लगेच कळत असेल."

"बाहेर घातलं तर गाव बघेल."

"माझ्या परसात घालते. माझ्या दोरीवर कुणाचं काय आहे, हे विचारायची कुणाची छाती नाही."

पुढच्या रविवारी सभागृह भरले होते. गिझेला पुन्हा उभी राहिली आणि म्हणाली, "मागच्या वेळी मी जे बोलले ते चुकीचं होतं. मी ते मागे घेते. माझं मत पाळकबाईंना."

कोलोमाननी विचारले की असे काय कळले. ती म्हणाली, "ते सांगणार नाही."

"म्हणजे पाहुणघरात आता दोघींची भागीदारी!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले आणि लोक हसले.

मित्रांनो, ती जीभ मी वर्षानुवर्षे ऐकली होती. एका वाक्यात त्या माणसाला ती गप्प करू शकली असती. तिचे कान लाल झाले. ती काही न बोलता खाली बसली, आणि पाठीमागचे हसू थांबेपर्यंत ताठ बसून राहिली.

मेलिता निवडून आल्या, पण थोडक्या मतांनी. काही घरांनी गिझेलाला नमस्कार करणे सोडले. सोमवारी त्या दोघी माझ्याजवळ येत आणि भांडत, साबण किती घालायचा यावरून.

एलेमेर पुढच्या वर्षी आलुबुखाराची झाडे फुलायच्या दिवसांत गेले. त्यांना टेकडीवरच, बायकोशेजारी ठेवले. कबरीपाशी एतेल्काने सगळ्यांसमोर सांगून टाकले की भावाच्या चादरी कोण धूत होते, म्हणून आज मीही सांगू शकते. त्यानंतर माफी वगैरे कुणी मागितली नाही. फक्त कोलोमान गुरुवारी येऊन ओल्या टोपल्या उचलू लागले. गिझेला त्यांना दोरी उंच बांधायला सांगे, ते बांधत.

आता माझ्या आत काहीतरी घासते आहे. नवे यंत्र आणायचे बोलणे चालू आहे. ते यावे, कामे वाढली आहेत. मला त्याचे दुःख नाही, चैन पडत नाही ते गिझेलामुळे. गेल्या हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली, मांडीचे हाड मोडले, आणि आता ती उठत नाही. पहिल्यांदा तिची चादर आली, तेव्हा मेलितांनी पडदा ओढायला हात उचलला. पण टोपली आणणाऱ्या शेजारणीने निरोप सांगितला, "गिझेला म्हणाली, माझी चादर रस्त्याकडच्या दोरीवर घाला. चर्चला जाता-येता सगळ्यांना बघू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरात, शेजारात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल. त्याची चादर त्याला लपवावी लागू नये, एवढे करा. आणि कुणी पडदे ओढून काही धूत असेल, तर प्रश्न घेऊन जाऊ नका. बादली घेऊन जा.

आज गुरुवार आहे. गिझेलाची चादर रस्त्याकडच्या दोरीवर आहे, वारा तिला आपटतो आहे, आणि गुरुवारच्या सायंप्रार्थनेला निघालेली माणसे तिच्याखालून वाकून जात आहेत.