आत्मारामची डावी वळणं

“वय?”

“चव्वेचाळीस.”

टेबलामागच्या पोराचं पेन थांबलं. “काका, मुलाचं नाव लिहायचंय का?”

“माझंच लिही. आत्माराम चुरी, आगाशी.”

मागे उभा असलेला शत्रुघ्न मोठ्याने हसला. तो आता स्पर्धेचा पंच होता. “लिही रे बाबा! नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत चौदा वर्षं याच्या मागची धूळ खाल्लीय मी.”

२००२ सालचा फेब्रुवारी होता. कळंबच्या रस्त्यालगत कापणी झालेल्या भातखाचरांचे मधले बांध फोडून मातीचा लंबगोल ट्रॅक केला होता. कडेला पेंढ्याचे भारे रचले होते. आत्मारामचा धंदा बागायती वाड्यांमधले पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचा, पण मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींत त्याचं नाव होतं. मग १९९९ला नाशिकच्या शर्यतीत एका वळणावर तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि त्याच्या डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, “चालाल. गाडी मात्र विसरा.”

पाय काठीसारखा ताठ राहिला. त्याची बायको हंसा हिने त्याची येझदी गाडी ताडपत्रीत गुंडाळून ठेवली. ती ताडपत्री आत्मारामने दोन वर्षांनी सोडली. ओहोटीच्या वेळी कळंबच्या ओल्या वाळूवर तो गोल गोल फिरू लागला. डाव्या पायाने गिअर बदलता येईना, म्हणून सगळी फेरी दुसऱ्या गिअरवरच. आणि एक दिवस त्याच्या लक्षात आलं की शर्यतीत सगळी वळणं डावीकडेच असतात. मागचं चाक घसरवताना डावा पाय पुढे सरळ टाकावाच लागतो. त्याचा तर आधीच सरळ होता! त्याने बुटाच्या तळाला लोखंडी पट्टी ठोकली.

आजवर हंसाने त्याची एकही शर्यत पाहिली नव्हती. आज मात्र ती सकाळीच लुगडं बदलून तयार झाली. “मी येनार. पडलात तर दुसऱ्याच्या तोंडून नको कळायला.”

“नाय पडनार.”

“ते मी बघंन.”

दोन प्राथमिक शर्यती जिंकत आत्माराम अंतिम शर्यतीत पोचला. शेजारी विरारचा विकी, लागोपाठ तीन वर्षांचा विजेता. गाडी नवी कोरी.

“काका, सांभाळून हां,” विकी मनापासून म्हणाला.

“तू पुढे बघ,” आत्माराम म्हणाला.

दोरी उडाली. सुटतानाच आत्माराम चौथा पडला. समोरच्यांच्या चाकांची माती तोंडावर येत होती. सरळ पट्ट्यावर नव्या गाड्यांना गाठणं अशक्य होतं. त्याने नादच सोडला. वळण आलं की मात्र सगळे जरा कचरत आणि तो न कचरता गाडी आडवी घालत असे. पट्टी जमिनीवर खरवडत जाई. दुसऱ्या फेरीत एकाला, चौथीत दुसऱ्याला त्याने मागे टाकलं. शेवटच्या फेरीत पुढे एकटा विकी उरला.

शेवटच्या वळणावर विकीने वेग आवरला नाही. त्याची गाडी बाहेर फेकली गेली, पेंढ्याच्या भाऱ्यांपर्यंत. आतल्या बाजूला जेमतेम एका गाडीपुरती वाट मोकळी झाली. नाशिकला अशाच वाटेत शिरताना पाय गेला होता. आत्मारामने मूठ पिळली.

निशाण पडलं तेव्हा त्याचं चाक हातभर पुढे होतं. लोक बांध ओलांडून धावले. हंसा मात्र जागची हलली नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि ती हसत होती.

बक्षिसासाठी लाकडी खोक्यांचा चौथरा रचला होता. पहिल्या क्रमांकाचं खोकं कमरेएवढं उंच. विकीने हात पुढे केला. “या काका.”

“थांब रे. चढतो.”

आत्माराम पाठमोरा होऊन खोक्यावर टेकला. दोन्ही हातांनी पाय उचलून वर घेतला, मग तळव्यांवर भार देत सावकाश उठला. शत्रुघ्नने माईक खाली धरला होता. सगळं मैदान वाट पाहत होतं.

उभा राहिल्यावर त्याने आधी सदरा नीट खाली ओढला, आणि मग मान वर केली.