नागडी सायकल

बाबांच्या दुकानातून नागडी सायकल कधी बाहेर पडली नाही. हा शब्द त्यांचाच. कारखान्यातून खोक्यात सुटी येणारी सायकल ते जोडायचे, चाकांचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढायचे आणि मग गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून एकच प्रश्न विचारायचे, "हिच्यावरून काय काय नेणार?"

दूधवाला म्हणायचा, किटल्या. मग त्याला जाड सळईचं कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना आकडे. शिक्षक म्हणायचे, वह्यांचा गठ्ठा. त्यांना पुढे जाळीची बास्केट. नवीन लग्न झालेला माणूस नुसताच हसायचा, मग बाबाही हसायचे आणि कॅरिअरवर मऊ गादी बसवायचे. मडगार्ड, चेनकव्हर, दुहेरी स्टँड, घंटी, डायनॅमो, कुलूप हे तर ओघानंच आलं. सीटला झालरीचं कव्हर मात्र फुकट. त्या झालरी शिवायला आई आणि मी दुपारी बसायचो. लाल-पिवळी झालर असेल ती सायकल आमच्या दुकानातली, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

मी स्वतः जग पाहिलं ते दांडीवर बसवलेल्या छोट्या सीटवरून. मागे बाबा, डोक्यावर त्यांची हनुवटी, आणि घंटी वाजवायचं काम माझ्याकडे. घंटी म्हणजे आमच्याकडे रामराम. ओळखीचं कुणी दिसलं की वाजवायची. इथे, लग्न होऊन आले त्या देशात, मी पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना बघून हौसेनं घंटी वाजवली, तर ते दचकून बाजूला झाले आणि वर मलाच सॉरी म्हणाले. इथे घंटी म्हणजे 'सरका'.

आई गेल्यावर बाबा तीन वर्षं एकटे राहिले आणि यंदा त्यांनी दुकान बंद केलं. भुंगी चार महिन्यांची झाली तेव्हा ते आमच्याकडे दोन महिन्यांसाठी आले. लेकीला भुंगी म्हणतो, कारण ती रडत नाही, गुणगुणते. तासन्‌तास, तेही आम्ही आडवे झालो की. मला वाटायचं बाबांना इथे करमावं, दोनाचे चार महिने व्हावेत. विमानतळावर त्यांची बॅग उचलताना नवऱ्याच्या तोंडून 'आई गं' निघालं.

"काय भरलंय बाबा यात?"

"दुकानातला उरलेला माल. दहाएक किलो लोखंड असेल. रिकाम्या हातानं कसं यायचं जावयाकडे?"

पहिले आठ दिवस ते खिडकीत बसून सायकली बघत होते. समोर कचेऱ्या आहेत, सकाळी रांगच लागते.

"ह्यांच्या सायकलींना स्टँड नाही गं."

"नसतं बाबा इथे बऱ्याच जणांच्या. भिंतीला टेकवतात."

"म्हणजे भिंत नसेल तिथं जायचंच नाही?"

थोड्या वेळानं, "डोक्याला टोपडं मात्र सगळ्यांच्या. डोकं जपतात, ढुंगणाची काळजी नाही. सीट बघ, नुसती सुरी!" आणि रांग ओसरल्यावर, "डबलसीट कुणीच जात नाही का इथे? सगळे आपले एकेकटे."

आमच्या हॉलमध्ये नवऱ्याची सायकल भिंतीवरच्या आकड्याला टांगलेली असते. भुंगीच्या आधी त्यानं हौसेनं घेतलेली. काळी, बारीक, एका बोटानं उचलता येते. ना मडगार्ड, ना घंटी. रविवारी मित्रांबरोबर टेकड्या चढायला जातो, तेवढीच. बाबा चहा पिताना तिच्याकडे असे बघायचे, जसं काही थंडीत कुणी उघडं पोर उभं केलंय.

बाबांना येऊन तीन आठवडे होत आले होते. त्या बुधवारी दुपारी मी आतल्या खोलीत भुंगीला पाजत पडले होते. आदल्या रात्रीचं जागरण, डोळे मिटत होते. दाराबाहेरून बाबांचा आवाज आला. लहान बाळाच्या खोलीबाहेर बोलतात तसा, अर्धा गिळलेला.

"झोपलीस का गं? जावईबापू या सायकलवरून काय काय नेतात?"

भुंगीनं नुकतीच मान टाकली होती. आवाज थांबावा एवढंच मला हवं होतं.

"सगळंच नेतो हो बाबा," मी म्हणाले आणि झोपले.

जाग आली तेव्हा हॉलमध्ये वर्तमानपत्रांवर ती सायकल उभी होती. स्वतःच्या पायावर. स्टीलचे चमकते मडगार्ड, जाड सळईचं कॅरिअर, हँडलवर घंटी, आणि त्या सुरीसारख्या सीटवर लाल-पिवळी झालर. आईच्या हातचा टाका. खरं सांगते, त्या क्षणी मला ती जगातली सगळ्यात देखणी सायकल वाटली.

बाबा मात्र स्टुलावर बसले होते, पाना मांडीवर.

"बाळ, काहीतरी मोडलंय. दिसत नाही, पण मोडलंय."

स्टँडचा बोल्ट आवळताना झालं होतं ते. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या पट्टीत धरून बोल्ट आवळायचा असतो. लोखंड हाताला सांगतं, आता बास. बाबांचा हात पन्नास वर्षं ते ऐकत आला होता. हिनं काहीच सांगितलं नाही. मग त्यांनी आणखी अर्धा आटा फिरवला आणि 'टक्' झालं.

संध्याकाळी नवरा आला. आधी झालर बघून फस्सकन हसला. मग स्टँड दिसलं आणि हसू विझलं. बूटही न काढता तो खाली बसला, एकेक वस्तू अलगद सोडवून कागदावर ओळीनं मांडली. नळीवर केसाएवढी रेघ होती. तिच्यावरून त्यानं नख फिरवलं.

"असू द्या बाबा," तो म्हणाला.

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या 'असू द्या'नंतर बाबा नुसता पाना पुसत बसले. पन्नास वर्षांत कुठलीही सायकल, आली त्याहून वाईट होऊन त्यांच्या हातून कधी गेली नव्हती.

गुरुवारी सकाळी ते म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. रविवारचं मिळालं तर उत्तम. घर बंद आहे, वाळवी लागायची."

"तीन आठवड्यांत वाळवी?"

"वाळवीला काय, कॅलेंडर असतं का?"

त्यांनी ते लोखंड परत बॅगेत भरलं. खिडकीत बसणं बंद केलं. भुंगीला घेतलं तरी पाचच मिनिटं, मग माझ्याकडे देऊन टाकायचे, जणू तीही त्यांच्या हातून तडकेल.

बुधवारी रात्रीच भांडी पुसता पुसता नवरा हळूच म्हणाला होता, "मला राग नाही गं. पण निदान विचारायचं तरी."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. विचारलं होतं, मला, आणि मीच वाट्टेल ते बोलले. पण मी ताटं मांडत राहिले. दोन दिवस मांडत राहिले. दमलेल्या बाईला सगळं माफ असतं, अशी मी माझीच समजूत घातली. बाबाही एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, त्याचीच जास्त लाज वाटत होती.

शुक्रवारी जेवताना नवऱ्यानं विचारलं, "बाबा, खरंच रविवारचं तिकीट बघू?"

"बघा," बाबा ताटाकडे बघत म्हणाले.

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हणाले. घास हातातच राहिला. "बुधवारी. तू सायकलवरून काय नेतोस म्हणून. मी म्हटलं, सगळंच."

"ती झोपेत होती हो," बाबा घाईघाईनं म्हणाले. "झोपलेल्या माणसाला विचारून कधी काम सुरू करायचं असतं का? ज्याची सायकल त्याला विचारायचं. माझाच नियम, मीच मोडला."

"नाही बाबा. तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं. आणि दोन दिवस तुम्हाला तसंच बसू दिलं."

नवरा माझ्याकडे वळला. "सगळंच?" तो म्हणाला. "अगं, मी पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ की नको म्हणून दोनदा विचार करतो!" आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. बाबांचे खांदेही हलायला लागले. भुंगी दचकून गुणगुणायला लागली.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "उद्या दुरुस्तीला नेतोय. एक माणूस करतो असलं."

बाबांनी मान वर केली. "नळी जोडतात? डाग देऊन?"

"डाग कसला देताय? लोखंड नाही ते. कापड आहे, डिंकासारख्या रसायनात भिजवून वाळवलेलं."

"म्हाताऱ्याची चेष्टा करू नका, जावईबापू."

"शप्पथ."

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मी येऊ बघायला?"

शनिवारी आम्ही चौघंही गेलो. गॅरेजएवढी जागा, दाढीवाला कारागीर, भाषा एकमेकांना कळत नाही. त्यानं एक नाणं घेतलं आणि नळीवर टकटक करत निघाला. धड जागी आवाज टणक, फुटलेल्या जागी बद्द. बद्द संपलं तिथे त्यानं खडूची खूण केली. बाबा पुढे वाकले होते. त्यांनी हात पुढे केला. कारागिरानं क्षणभर बघितलं आणि नाणं दिलं. बाबांनी डोळे मिटून वाजवलं, पुन्हा वाजवलं आणि खुणेच्या पुढे दोन बोटांवर नखानं रेघ मारली. कारागिरानं तिथे कान लावला. मग पहिली खूण अंगठ्यानं पुसली आणि बाबांच्या रेघेवर खडू ओढला.

पुढचे चार तास बाबा तिथल्या स्टुलावरून उठले नाहीत. मी बाहेर बाकावर भुंगीला पाजलं, खेळवलं, झोपवलं. आत डोकावले तेव्हा बाबा काळ्या कापडाची पट्टी ताणून धरून उभे होते आणि दाढीवाला तिच्यावर ब्रश फिरवत होता. दोघेही आपापल्या भाषेत बोलत होते.

रविवारी सकाळी ते खिडकीत बसून गावाकडच्या दोस्ताशी, टायरवाल्या काकांशी, फोनवर बोलत होते. एवढ्या मोठ्यानं की खालच्या मजल्यालाही कळावं.

"अरे कापडाची! सदऱ्याचं असतं तसं कापड… नाही रे, प्यालो नाही, सकाळचे नऊ वाजलेत… हो, मीच मोडली… छे, इतक्यात कसला येतोय? गुरुवारी ती घासून पॉलिश करायची आहे. बोलावलंय मला."