वळिवड्याच्या यादीतली वांदा

माझ्या नवऱ्याच्या आजी वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला, रेल्वे लाइनशेजारच्या एका छोट्या बैठ्या घरात एकट्या राहतात. स्टेफानिया त्यांचं नाव, वय अठ्ठ्याऐंशी. पोलिशमध्ये आजीला बाब्चा म्हणतात, म्हणून अ‍ॅडमसारखं मीही त्यांना बाब्चाच म्हणते. मी विनया, मूळची कोल्हापूरची. इथे शिकायला आले, फार्मसिस्ट झाले आणि अ‍ॅडमशी लग्न करून इथलीच झाले.

बाब्चा १९४४ साली सातशेहून जास्त पोलिश मुलांबरोबर बोटीने वेलिंग्टनला उतरल्या, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याआधीचं मात्र तुकड्यातुकड्यांनीच. चाळीस साली रशियनांनी आईला आणि दोन मुलींना सैबेरियात नेलं. सुटका झाल्यावर इराणकडे येताना आई वाटेत गेली. मोठी बहीण वांदा तेहरानच्या इस्पितळात राहिली. बस. पुढचं विचारलं की बाब्चा उठून चहाची किटली लावायच्या.

अ‍ॅडमला हे सगळं शोधून लिहून ठेवायचं होतं. लंडनमधल्या एका संग्रहात अशा निर्वासितांचे कागद आहेत, पण ते मागवायला जवळच्या नातेवाइकाची सही लागते. अ‍ॅडमने बाब्चांना तीनदा फॉर्म नेऊन दिला. तिन्ही वेळा तो हरवला.

चौथा मी घेऊन गेले. शनिवारची दुपार होती, अ‍ॅडम मागे लॉन कापत होता.

"सही करायला हरकत काय आहे, बाब्चा?"

"सही केली की उत्तर येईल ना," त्या म्हणाल्या.

मग बराच वेळ त्या टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिल्या.

"मी पाच वर्षांची होते. वांदा बारा. तिला टायफस झालेला. एक दिवस मुलांना इस्फहानला न्यायला ट्रक आला. ज्यांचं कुणी नाही अशाच मुलांना नेणार होते. माझ्या पुढच्या मुलीला न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, तुझं कोण आहे? ती म्हणाली, आई आहे, आजारी आहे. तिला ट्रकमधून खाली उतरवलं. मग मला विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"माझं कुणी नाही, म्हणाले."

लॉनमोअरचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"एक तर ती तिथेच मेली. नाहीतर बरी होऊन मला शोधत आली आणि मी नव्हते. यातलं कुठलं उत्तर तुम्ही मला वाचून दाखवणार आहात?"

तुम्ही तेव्हा लहान होतात, असं मी म्हटलं नाही. ते त्यांनी स्वतःला ऐंशी वर्षं सांगून पाहिलंच असणार. मी एवढंच म्हटलं, "जे येईल ते पाकिटात घालून तुमच्या हातात देईन. उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

त्यांनी सही केली.

दीड महिन्याने उत्तर आलं. वांदा वोल्स्का नावाची कोणतीही नोंद सापडली नाही. पाकिटात घालण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तोंडीच सांगितलं, तेव्हा बाब्चा "बरं" म्हणाल्या आणि दुसराच विषय काढला. अ‍ॅडमनेही फाइल कपाटात ठेवून दिली.

पुढच्याच आठवड्यात आमच्या फार्मसीत नव्या इंटर्नने एका मिसेस टेलरची औषधं दुसऱ्या मिसेस टेलरच्या पिशवीत भरली. देण्याआधीच माझ्या लक्षात आलं म्हणून बरं. मी तिला बाजूला घेऊन सांगत होते, "नावावर कधी जायचं नाही. जन्मतारीख बघ, पत्ता बघ, मगच हातात दे." बोलता बोलता मी मध्येच थांबले. बाब्चांच्या कागदांवरचं वोल्स्का हे माहेरचं आडनाव तरी कुणी सांगितलं होतं? ट्रकवर चढणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीने. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं असणार.

संध्याकाळी बाब्चांना फोन केला. "आईचं नाव काय होतं? गाव कुठलं? वडील काय करायचे?"

आई मारिआना. वडील जंगलखात्यात राखणदार. गावाचं नाव त्यांनी मला एकेक अक्षर सांगून लिहायला लावलं. आडनाव सोडून बाकीचं सगळं मी लंडनला कळवलं.

अकराव्या दिवशी ईमेल आली. वांदा वोलान्स्का. आई मारिआना, गाव तेच, वडील वनरक्षक. सोबत तीन पानं स्कॅन केलेली, सगळी पोलिशमध्ये. पहिल्या पानाच्या डोक्यावर टाइप केलं होतं: वळिवडे, कोल्हापूर. तारीख नोव्हेंबर १९४३.

फार्मसीच्या मागच्या खोलीत उभ्याउभ्या मी ते तीनदा वाचलं. वळिवडे! युद्धाच्या काळात तिथे पोलिश लोकांची मोठी छावणी होती, हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत असतं. आता तिथे गांधीनगर आहे. तिथल्या कापडबाजारातून आईने माझ्या लग्नाच्या साड्या आणल्या होत्या. म्हणजे वांदा जगली होती, आणि माझ्या माहेरापासून चारपाच मैलांवर राहिली होती.

बाकीचा मजकूर मी फोनवरून भाषांतर करून पाहू शकले असते. पण शब्द दिला होता. मी पानं मोठ्या अक्षरात छापली, पाकिटात घातली आणि अ‍ॅडमला लवकरची ट्रेन पकडायला सांगितलं.

बाब्चांनी पाकीट लगेच फोडलं. मला वाटलं होतं, वेळ लावतील. पहिलं पान ओठ हलवत वाचलं, दुसऱ्याच्या मध्यावर थांबल्या. परत वर गेल्या. परत खाली आल्या.

"बाब्चा?" अ‍ॅडमने विचारलं.

त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागल्या. ते वांदाने आपल्या धाकट्या बहिणीच्या शोधासाठी लिहून दिलेलं निवेदन होतं.

"इस्पितळात मुलांना आत सोडत नसत. ती रोज खिडकीखाली येऊन उभी राहायची. मी तिला सांगितलं, ट्रक आला की चढ. कुणी विचारलं तर म्हण, माझं कुणी नाही. कुणी आहे म्हटलं की खाली उतरवतात. तिच्याकडून मी हे चार वेळा म्हणून घेतलं. ती माझं ऐकते. ती चढली असणार. ती जिथे असेल तिथे मला पाठवा किंवा तिला इकडे आणा."



"खिडकी मला आठवतच नाही," बाब्चा म्हणाल्या. "कशी आठवत नाही? मला फक्त माझं उत्तर आठवतं." आणि मग त्यांचे खांदे खाली आले. त्या ताठ बसतात असंच मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या रडल्या, मध्येच हसल्या, अ‍ॅडमच्या बाहीला डोळे पुसले. "तिने शिकवलं होतं. मी फक्त ऐकलं."

शेवटच्या पानावरून पुढचा माग लागला. वांदा १९४८ साली इंग्लंडला गेली, ब्रॅडफर्डला गिरणीत लागली, लग्न केलं. नऊ वर्षांपूर्वी ती वारली. मुलगी क्रिस्टिना तिथेच असते.

एका रविवारी सकाळी आम्ही बाब्चांच्या टेबलाभोवती बसून तिला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. अडुसष्ट वर्षांची क्रिस्टिना, पांढरे केस, निळा स्वेटर. पहिली दोन मिनिटं ती बाब्चांचा चेहराच निरखत होती.

"ती माझ्यावर रागावली होती का?" बाब्चांनी थेट विचारलं.

"रागावली? ती तर स्वतःला दोष द्यायची. म्हणायची, मी शिकवलं म्हणूनच कागदावर तिचं कुणी राहिलं नाही. साठ सालापर्यंत पत्रं लिहीत होती. सगळी वोलान्स्का नावाने."

बाब्चांनी डोळे मिटून घेतले. बहीण भेटायची राहिलीच, त्याला आता इलाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "दोघीही वेड्या," आणि नाक पुसलं.

मी कोल्हापूरची म्हटल्यावर क्रिस्टिना पुढे सरकली. "मग एक सांग. आई आम्हाला हाक मारायची, 'चला चला, जेवायला!' कुठल्याच पोलिश शब्दकोशात मिळत नाही. आम्हाला वाटायचं तिने बनवलेला शब्द आहे."

मी अर्थ सांगितला आणि तीच हाक पुन्हा मराठीत मारून दाखवली. "अगदी तसंच!" ती ओरडली. बाब्चांनी ती मला आणखी दोनदा म्हणायला लावली.

क्रिस्टिना फेब्रुवारीत येते आहे, तीन आठवड्यांसाठी. परवा फार्मसीत भर गर्दीच्या वेळी बाब्चांचा फोन आला. कामावर त्या मला कधी फोन करत नाहीत, म्हणून मी रांग सोडून घाईने उचलला.

"विनया, तिला माझी उन्हाची खोली देऊ की बागेकडची?"

"उन्हाची द्या."

"मग पडदे धुवायला हवेत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.